मोठं नाव शेवटीच कशाला? संगीत महोत्सव भरवणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
गावोगावी शास्त्रीय संगीताचे महोत्सव भरवणाऱ्या मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार यांस,

सप्रेम नमस्कार.

खजिनदारांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. या पत्रातला निम्मा मजकूर त्यांच्यासाठीच आहे, आणि आलेलं पत्र शेवटपर्यंत तेच वाचतात असा माझा अनुभव आहे.

गणपती उठले की तुमच्या बैठका सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीतली कुणाची पुण्यतिथी असते, नाहीतर संस्थेचा वर्धापनदिन. बैठकीत चहा यायच्या आधी एकच प्रश्न पडलेला असतो, 'यंदा कोण?' या 'कोण'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. शेवटच्या दिवशी, शेवटी बसणारा कलाकार. त्याचा होकार आला की तारखा ठरतात, त्याच्या फोटोवर पोस्टर बेततं, त्याच्या विमानाच्या वेळेवर सगळा कार्यक्रम आखला जातो. बाकीची पाच-सहा नावं उरलेल्या पैशात आणि उरलेल्या वेळात बसवली जातात.

हा प्रश्न दरवर्षी अवघड होत चालला आहे, हे मीही पाहतो. ज्यांच्या नावावर मांडव भरणार याची हमी खजिनदार डोळे मिटून देत, ती माणसं भराभर गेली. 2017 मध्ये गायिका किशोरीताई आमोणकर गेल्या, 2020 मध्ये गायक पंडित जसराजजी, 2022 मध्ये संतूरवादक शिवकुमार शर्माजी, 2023 मध्ये गायिका मालिनीताई राजूरकर. 2024 च्या जानेवारीत तर एका आठवड्याच्या आत गायक रशीद खान आणि गायिका प्रभाताई अत्रे गेले. त्याच वर्षी डिसेंबरच्या 15 तारखेला, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जेमतेम तीन दिवस उरले असताना, तबलावादक झाकीरभाई हुसेन गेले. त्यानंतरच्या कुठल्याही बैठकीत 'यंदा कोण?' विचारल्यावर जी शांतता पसरते, तिचं कारण सांगायला नको.

या शांततेवर तुम्ही शोधलेले दोन उपाय मला दिसतात. एक म्हणजे उरलेल्या चार-पाच नावांमागे सगळ्यांनी एकदम धावायचं. मग एकाच आठवड्यात तोच कलाकार एका गावी शुक्रवारी, दुसऱ्या गावी शनिवारी आणि तिसऱ्या गावी रविवारी, आणि तिन्हीकडे तोच राग. दुसरा म्हणजे शेवटच्या दिवशी सिनेमातला एखादा गायक आणायचा आणि कार्यक्रमाला 'फ्यूजन' म्हणायचं. दोन्हींनी खुर्च्या भरतात, हे मान्य. पण त्या फक्त त्या दोन तासांपुरत्या भरतात, आणि तुमचा महोत्सव तीन दिवसांचा असतो.

या पत्रात मला एवढंच सांगायचं आहे. आपल्याकडची गर्दी नावामुळे येत होती हे खरं, पण ती टिकत होती ती कार्यक्रमाच्या रचनेमुळे. नावं आपल्या हातात नाहीत. रचना आहे, आणि तिच्याकडे बैठकीत कोणी पाहत नाही.

सवाईचंच उदाहरण घ्या, कारण तुम्ही सगळे मनातून त्याचीच नक्कल करत असता. गायक रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, 1952 साली गेले. पुढच्या वर्षी पहिल्या पुण्यतिथीला पुण्यात शिष्यांनी जो कार्यक्रम केला, त्यातून हा महोत्सव उभा राहिला. त्यांच्या शिष्याने, भीमसेन जोशींनी, तो पुढे पन्नासहून अधिक वर्षं वाढवला. रमणबागेच्या मैदानावर तीन रात्री गाणं चाले आणि शेवटी, पहाट उलटून गेल्यावर, भीमसेनजी स्वतः बसत. शेवटी बसायची ही प्रथा तुम्ही तिथूनच उचललीत. पण ती उचलताना मूळ गोष्ट तिथेच राहून गेली.

ती गोष्ट म्हणजे रात्र. संध्याकाळी मांडवात शिरलेला माणूस मध्यरात्री उठून जाणार कुठे? पीएमटीची शेवटची बस निघून गेलेली असे, थंडी मी म्हणत असे, आणि ज्यांच्यासाठी तो आला ते पहाटे बसणार असत. त्यामुळे तो बसे. सतरंजीवर शाल गुंडाळून बसे, मध्येच तास-दोन तास आडवा होई, पुन्हा उठून बसे. बसला की कानावर पडे. रात्री अकराला कुणी नवा मुलगा सतार वाजवत असेल, दोनला कर्नाटकातली कुणी बाई गात असेल, तर तेही त्याच्या कानावर पडे, आणि बऱ्याचदा तेच घरी घेऊन जाई. 'भीमसेन ऐकले' हे सगळेच सांगत, पण 'रात्री दोनला एक पोरगं काय वाजवून गेलं!' हे सांगताना आवाज चढे. पुढच्या दहा वर्षांची गर्दी अशी तयार होत होती. मोठं नाव शेवटी ठेवल्याने मधल्या सगळ्यांना श्रोता मिळत होता, आणि त्या मधल्यांतूनच पुढची मोठी नावं निघत होती.

मग ध्वनिक्षेपकाचे नियम आले. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, राज्य सरकारने ठरवलेल्या वर्षातल्या जास्तीत जास्त 15 दिवशी 12 वाजेपर्यंत सवलत. 2000 सालचे हे नियम, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक केले, आणि उघड्यावरच्या रात्रभरच्या मैफली संपल्या. मी त्याविरुद्ध गळा काढणार नाही. मांडवाशेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या झोपेपेक्षा माझा पहाटेचा ललत राग मोठा नाही. पण रात्र गेल्यावर शेवटी बसण्याला काही अर्थ उरतो का, याचा हिशेब आपण मांडायला हवा होता. तो कुणी मांडला नाही. वेळ बारा तासांवरून चारावर आली आणि क्रम मात्र तोच राहिला.

त्याचं आज काय झालं आहे ते तुमच्याच मांडवात, पण व्यासपीठावरून न पाहता मागच्या खुर्चीवर बसून पाहा. साडेपाचची वेळ छापलेली. मांडवात कार्यकर्ते, वायर ओढत फिरणारा साउंडवाला, आणि पुढच्या सोफ्यांवर राखीव जागेच्या चिठ्ठ्या. मंचावर पंचविशीतली एक गायिका तंबोरे लावून बसलेली आहे. तिच्या मागे तंबोऱ्यावर तिच्याच दोन गुरुभगिनी, हार्मोनियमवर गावातले एक सर. तिला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत. त्यातली दहा दीपप्रज्वलन खाऊन टाकतं, कारण आमदारसाहेब निघालेत, पोचतच आहेत. ती पूरिया धनाश्री रागाची विलंबित, म्हणजे संथ लयीतली बंदिश मांडायला घेते. कुठे तिसरं-चौथं आवर्तन जमून येतं, तबलजी आणि तिची नजरानजर होते, आणि तेवढ्यात आमदारसाहेब पोचतात. निवेदक मंचाच्या कडेला येऊन हाताने 'आटपा' अशी खूण करतो. मी पाहिलं ते असं. तिने विलंबित तिथेच सोडली, द्रुत, म्हणजे जलद बंदिश तीन-चार मिनिटांत उरकली, नमस्कार केला आणि हार्मोनियमवाल्या सरांना उठायला हात दिला. टाळ्या वाजल्या. त्या आमदारांसाठी होत्या की तिच्यासाठी, हे तिलाही कळलं नसावं.

त्यानंतर शाल, श्रीफळ, मनोगत. प्रायोजकांची नावं वाचली जातात. नंतर एक वादक, तोही घाईत. लोक सव्वाआठपासून यायला लागतात, मोठ्या नावाच्या हिशेबाने. सव्वानऊला एकदाचे ते बसतात. स्वर लावण्यात पाच-सात मिनिटं जातात, जायलाच हवीत. मग दहाला काही मिनिटं उरली असताना पोलीस शिपाई बाजूला येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवतो. म्हणजे ज्या नावासाठी तुम्ही सगळा पैसा ओतला, त्याचं गाणं तुम्हाला चाळीस मिनिटं मिळालं. ती तरुण गायिका रिकाम्या खुर्च्यांसमोर गायली, आणि ते मोठे कलाकार घड्याळासमोर. लोक बाहेर पडताना म्हणतात, 'आज जमलं नाही बुवांचं.' जमणार कसं?

बरं, हे शेवटी ठेवण्याचं वेड फक्त आपलं नाही. अमेरिकेत 1969 च्या वुडस्टॉक या रॉक महोत्सवाला चार लाखांवर माणूस जमला होता. सर्वात मोठं नाव गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं, आणि त्याला शेवटीच वाजवायचं होतं. पावसाने आणि गोंधळाने कार्यक्रम लांबत गेला, रविवारची रात्र संपली आणि तो सोमवारी सकाळी मंचावर आला तेव्हा बहुतेक मैदान घरी गेलं होतं. आपले रविशंकरजी तिथे पहिल्याच दिवशी, शुक्रवारी, पावसात वाजवून मोकळे झाले होते. त्याच्या दोन वर्षं आधी मॉन्टेरीच्या अशाच महोत्सवात मात्र त्यांना रविवारची अख्खी दुपार मिळाली होती, पुढेमागे दुसरा कार्यक्रम नाही. त्या दुपारचं चित्रीकरण आजही लोक शोधून पाहतात. रॉकच्या महोत्सवात एका सतारवाल्याला दुपार दिली आणि ती दुपारच गाजली!

पाश्चात्त्य मंडळींच्या मोठ्या कार्यक्रमांशी आपली तुलना करू नका, असं तुमच्यातले काही जण म्हणतील. मी करतच नाही. 2025 च्या जानेवारीत नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. तिकिटं खुली झाली त्या दिवशी वेबसाइट आडवी पडली, घराघरातली पोरं स्क्रीनवरचा रांगेतला नंबर बघत बसली होती. तिथे नाव हाच कार्यक्रम असतो. तिकीटही त्या एका नावाचंच असतं, त्यामुळे तो हिशेब सरळ आहे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या लोलापलूझा या महोत्सवाचा प्रकार निराळा. तिथे पोस्टरवर वरच्या ओळीत ठळक नाव आणि खाली ओळीगणिक अक्षर बारीक होत जातं, शेवटच्या ओळीला चष्मा लागतो. पण तिथे एका वेळी तीन-चार मंच चालू असतात, आणि दुपारी तीनला बारीक अक्षरवाल्यासमोर त्याचे स्वतःचे दोन-चारशे लोक उभे राहून नाचत असतात. ते त्याच्यासाठीच लवकर आलेले असतात. आपण पोस्टरची अक्षरं तेवढी उचलली. दुपारी तीनचे ते लोक कसे येतात, हे बघायला गेलो नाही.

आता माझी मागणी. मोठं नाव आणू नका, असं मी म्हणत नाही. आणा. पण त्यांना पहिलं बसवा.

दचकू नका. खजिनदारांनी कागद घ्यावा. समजा तुमचा मांडव आठशेचा आहे. आज साडेपाचला नव्या कलाकारासमोर किती असतात? शंभर धरू, त्यात कार्यकर्ते आले. उद्या मोठ्या नावाने बरोबर पावणेसहाला सुरुवात केली, तर साडेपाचला मांडव भरलेला असेल, कारण चुकवणं परवडणार नाही. ते दीड तास गातील, मनासारखं गातील, घड्याळवाला शिपाई तेव्हा घरी चहा पीत असेल. त्यांचं झाल्यावर लोक उठतील, हे मला मान्य आहे. निम्मे उठतील. निम्म्याहून जास्त उठतील असं धरा, अगदी पाचशे उठतील. तरी त्या तरुण गायिकेसमोर तीनशे राहिले. शंभराचे तीनशे झाले, तेही कान तापलेले, जागेवर बसलेले, आणि खिशातून एक पैसा जास्त न जाता. याहून स्वस्त श्रोता मला तरी माहीत नाही.

आणि यात संगीताचा जो फायदा आहे त्याबद्दल कुणीच बोलत नाही, याचं मला नवल वाटतं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. मारवा, पूरिया, श्री, पूरिया धनाश्री, म्हणजे संधिप्रकाशाचे सगळे राग याच वेळेचे. हे राग अवघड आहेत. मारव्यात पंचम (प) नाही, षड्जही (सा) जपून लावायचा, त्यात बढत, म्हणजे रागाचा विस्तार, करायची तर वय लागतं. आणि आपण या वेळेला कुणाला बसवतो? ज्याचा अजून गळा तयार होतो आहे त्याला. मुरलेला गायक कायम नऊनंतर, म्हणून त्याच्याकडून कायम रात्रीचेच राग, बागेश्री, जोग, मालकंस. वर्षानुवर्षं महोत्सवांना जाणाऱ्या माणसाने आजच्या बुजुर्गांचा श्री समोर बसून किती वेळा ऐकला असेल? वसंतराव देशपांड्यांचा मारवा आपण अजून ध्वनिमुद्रणावर ऐकतो, तसा आजच्या कुणाचा तरी समोर बसून ऐकायला मिळावा अशी इच्छा धरली, तर तुमचं वेळापत्रक आडवं येतं. पावणेसहाला मोठं नाव बसलं, तर निम्मे हरवलेले राग आपोआप परत येतील. उलट बागेश्रीसारखा श्रोत्यांच्या कानातला राग नऊ वाजता नव्या मुलीने गायला, तर तिचंही जमतं आणि लोकांचंही.

सकाळचं तर आपण विसरूनच गेलो आहोत. दहाच्या नियमाने रात्र गेली, पण सकाळी सहानंतर परवानगी घेऊन बसायला कोण अडवतं? दिवाळी पहाटेला नवे कपडे घालून साडेपाचला रांग लावणारा समाज आहे हा. तो वर्षातून एकदाच पहाटे उठू शकतो असं समजायचं काही कारण नाही. महोत्सवातल्या रविवारी सकाळी सातला तोडीसारखा सकाळचा राग ठेवा, मांडवाबाहेर उपमा आणि चहा ठेवा. म्हातारी माणसं येतील, ज्यांना रात्री गाडी चालवता येत नाही. लहान मुलं येतील, ज्यांना रात्री झोप येते. क्लासला जाणारी मुलं तंबोरे घेऊन येतील. आणि आदल्या संध्याकाळी गायलेले मोठे कलाकार मुक्कामाला असतील, तर त्यांना तासभर मुलांसमोर बसायची विनंती करता येईल. त्यांचं तिकीट रविवारी दुपारचं काढा म्हणजे झालं.

एक गोष्ट ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी. दहाचा नियम उघड्यावरच्या लाऊडस्पीकरसाठी आहे. बंद सभागृहाचा आवाज आतल्या आत राहत असेल, तर नियमातच त्याला वाट ठेवलेली आहे. तुमच्या गावात नगरपालिकेचं नाट्यगृह आहेच, आणि ते वर्षातले निम्मे दिवस कुलूपबंद असतं हेही आपण दोघं जाणतो. महोत्सवातली एक रात्र तिथे घ्या. तीनशे जागा, मांडी घालून बैठक, माईक अगदी जुजबी, आणि गाणं सकाळपर्यंत. थिएटरचे पडदे आणि दारं आधी नीट करून घ्यावी लागतील, शेजाऱ्यांशी आणि पोलीस ठाण्याशी आधी बोलावं लागेल. पण दरबारी मध्यरात्री आणि ललत पहाटे, हे ऐकायला आज माणसं कोलकात्याच्या डोव्हर लेन संगीत परिषदेला जातात. मिरज-सांगलीची, कोल्हापूरची माणसं जातात. गावात मिळालं तर काय म्हणतील?

मिरजेचं नाव आलंच आहे तर सांगतो. सवाई गंधर्वांचे गुरू, गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले आणि मिरजेलाच विसावले. मिरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथे येणारे कलाकार हजेरी लावायला येतात. वर कुणाचा मोठा फोटो नाही. तिथे एक गोष्ट दिसते जी तुमच्या मांडवात कधीच दिसत नाही. आपलं झाल्यावर कलाकार तिथेच खाली बसतात आणि पुढच्याचं ऐकतात. तुमच्याकडे मोठे कलाकार ग्रीनरूममधून मंचावर आणि मंचावरून गाडीत. त्यांनी आयुष्यभर जिचं नावही ऐकलं नाही ती मुलगी त्यांच्या आधी काय गायली, हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांना पहिलं बसवलंत, आणि नंतर पुढच्या सोफ्यावर अर्धा तास बसायची विनंती केलीत, तर उठायला निघालेले ते पाचशे जागेवरच थांबतील. बुवा बसलेत म्हटल्यावर आधी कोण उठणार? त्या मुलीच्या पोटात गोळा येईल, हे खरं आहे. आला तर येऊ दे. असा गोळा आल्याशिवाय गाणं होत नाही.

मोठी नावं कशी तयार होतात, याचा इतिहास आपण लोकांना भाषणात ऐकवतो, पण वेळापत्रक करताना विसरतो. 1936 साली संगीतशिक्षक बी. आर. देवधर मास्तरांनी मुंबईत जीना हॉलमध्ये भरवलेल्या परिषदेत अकरा-बारा वर्षांचा शिवपुत्र कोमकली गायला आणि जाणकारांनी भरलेलं सभागृह थक्क झालं. पुढचे कुमार गंधर्व तेच. त्या वेळी ते रिकाम्या खुर्च्यांसमोर साडेपाचला बसले असते आणि मध्येच कुणी 'आटपा' अशी खूण केली असती, तर? 1946 साली सवाई गंधर्वांच्या साठीच्या समारंभात त्यांचे शिष्य भीमसेन गायले, वय चोवीसच्या आसपास. त्या गाण्याने लोकांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. समारंभ गुरूचा होता आणि भरलेली सभा शिष्याला मिळाली. पुढे सात वर्षांनी त्याच शिष्याने त्याच गुरूच्या नावाने महोत्सव उभा केला, आणि आज आपण त्याचं पोस्टर समोर ठेवून आपलं पोस्टर बनवतो.

आता पैशाचं. आकडे मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ते माझ्याहून चांगले ठाऊक आहेत. मोठ्या कलाकाराने घसघशीत मानधन घेऊ नये असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं रोज पहाटे उठून केलेल्या रियाजाची ती बिदागी आहे, आणि तिच्याबद्दल कुजबुज करणाऱ्यांची मला चीड येते. माझा राग दुसऱ्या टोकाच्या पाकिटावर आहे. नव्या गायिकेला 'तुम्हाला व्यासपीठ मिळतंय' असं सांगून दिलेलं पाकीट. तेवढ्यात ती पुण्याहून गाडीने येते, तंबोऱ्याच्या दोन मुलींना आणते, साडी इस्त्री करते, आणि तुमच्या हार्मोनियमवाल्या सरांना नमस्कार करून परत जाते. पुढच्या वर्षी तुम्ही बोलावलंत तर ती पुन्हा येईल, कारण तिला गायचं आहे. त्याच्या पुढच्या वर्षी ती बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत असेल. मग पंधरा वर्षांनी तुमच्या बैठकीत 'यंदा कोण?' विचारलं जाईल तेव्हा तिचं नाव कुणाला आठवणार नाही, कारण तेव्हा ती गातच नसेल.

गावातल्या साथीदारांबद्दलही एवढंच. त्यांचं नाव पोस्टरवर नीट छापा. 'साथसंगत' असं लिहून खाली दोन ठिपके दिले म्हणजे छापलं असं होत नाही.

प्रायोजक ऐकत नाहीत, ही तुमची नेहमीची तक्रार. पतसंस्थेचे चेअरमन विचारतात, 'नाव कोण आहे?' त्यांना नाव सांगा, आहेच ना ते, पहिल्या दिवशी संध्याकाळी. पण पैसे घेताना सत्र विका. रविवार सकाळ एका सराफाची, नाट्यगृहातली रात्र एका रुग्णालयाची, नव्या कलाकारांचं सत्र गावातल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं. माणसाला आपल्या नावाचं काहीतरी हवं असतं. ते त्याला द्या, आणि त्या बदल्यात पुढचे सोफे काढून टाका. राखीव सोफ्यावर अर्धा वेळ चिठ्ठ्याच बसलेल्या असतात. मंचावरून गाणाऱ्याला पहिल्या तीन रांगा दिसतात, त्या रिकाम्या असल्या तर मागे मांडव भरलेला असून त्याचा काही उपयोग नाही. तिथे सतरंजी टाका, संगीत शिकणाऱ्या मुलांना फुकट बसवा. ती मुलं माना हलवतात, 'क्या बात है' चुकीच्या जागी म्हणतात, पण म्हणतात.

दीपप्रज्वलनाबद्दल फार लिहीत नाही. गाणं सुरू होण्याआधी करा, पाच मिनिटांत करा, आणि पाहुणे उशिरा आले तर पुढच्या मध्यंतरापर्यंत त्यांना चहा पाजत ठेवा. विलंबित चालू असताना मंचाच्या कडेला निवेदक दिसता कामा नये. आमदारसाहेबांना राग येईल याची भीती वाटत असेल तर त्यांना मीच पत्र लिहितो. मला पुढच्या निवडणुकीत तिकीट नको आहे.

एक शंका उरते, आणि ती खरी आहे. मोठे कलाकार पहिलं बसायला तयार होतील का? शेवटी बसणं हा मानाचा विषय आहे, ज्येष्ठाच्या नंतर कनिष्ठाने बसायचं नाही ही आपली रीत आहे. काही जण स्पष्ट नाही म्हणतील, त्यांना शेवटी बसवा, वाद घालू नका. पण त्यांना नीट विचारलं तर? 'पंडितजी, दीड तास पूर्ण मिळेल, दहाची टांगती तलवार नाही, मांडव भरलेला असेल, आणि संधिप्रकाशाचा राग तुमच्याकडून ऐकायचा आहे' असं कुणी सांगितलं, तर किती जण नाही म्हणतील? माझा अंदाज आहे की त्यांना आजवर कुणी असं विचारलंच नाही. सेक्रेटरीने फोन करून तारीख आणि तिकीट विचारलं, रागाचा विषय निघालाच नाही.

तेव्हा येत्या बैठकीत अजेंड्यावर 'यंदा कोण?' हा विषय दुसरा घ्या. पहिला विषय 'किती वाजता काय?' हा घ्या. संध्याकाळी सहा, रात्री नऊ, रविवारी सकाळी सात आणि नाट्यगृहातली एक रात्र, असे चार चौकोन फळ्यावर काढा, त्यात आधी राग आणि वेळ भरा, नावं नंतर. नाट्यगृहाच्या भाड्याची चौकशी मी इथल्या नगरपालिकेत केली आहे, आणि डिसेंबरातल्या दोन शनिवारच्या रात्री रिकाम्या आहेत. कार्यवाहांनी अर्ज महिनाअखेरीपर्यंत द्यावा, नंतर लग्नाची मंडळी धरतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या रांगेतला एक जुना श्रोता